मांडी तीच, मार वेगळा

प्रश्न एका गावच्या कबड्डी संघाच्या कर्णधारानं विचारला आहे. एकाच स्पर्धेत त्यांच्या दोन पोरांच्या मांडीला दुखापत झाली. पहिला चढाई करून मध्यरेषेकडे पळत येताना एकदम थांबला आणि ‘मागून कुणीतरी दगड मारला’ म्हणत खाली बसला. दुसऱ्याच्या मांडीवर पुढून समोरच्याचा गुडघा बसला, तरी तो उरलेला सामना खेळला. दोघांना गावातल्या मालिशवाल्याकडे नेलं. दोघांनाही रोज तेल लावून चोळलं, गरम पाण्यानं शेकलं. पहिला दहाव्या दिवशी नीट चालायला लागला, अठराव्या दिवशी मैदानात उतरला आणि पहिल्याच चढाईत पुन्हा तिथंच धरलं. दुसऱ्याची मांडी मात्र दिवसेंदिवस दगडासारखी होत गेली आणि पाचव्या आठवड्यात एक्स-रेमध्ये ‘मांसात हाड’ दिसलं. कर्णधारांचं म्हणणं असं, की इलाज एकच होता, तर दोघांचं दोन तऱ्हेनं का बिघडलं? बर्फ लावायला हवा होता का, हेही त्यांनी विचारलंय.

इलाज एकच होता म्हणूनच बिघडलं, दादा. गेली बावीस वर्षं मी फिजिओथेरपी करतो. पैलवान, कबड्डीपटू, ऊसतोड कामगार, भरतीची तयारी करणारी पोरं असे सगळे येतात. पेशंट खुर्चीत टेकला की मी आधी विचारतो, नेमकं काय करत होतास आणि त्या क्षणी काय झालं? किती दुखतंय ते नंतर. ताणानं फाटलेला, ठेच्यानं चेंदलेला, धारेनं कापलेला आणि दाबाखाली गुदमरलेला स्नायू वरून दाबला तर सारखाच ठणकतो. आतलं चित्र चौघांचं चार प्रकारचं असतं.

आधी स्नायू म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. मटण साफ करताना मांसावरचा पांढरा, चिवट पापुद्रा सुरीनं सोलावा लागतो, तो आठवा. तो स्नायूचा अंगरखा. त्याच्या आत धाग्यांच्या जुड्या, प्रत्येक जुडीला पातळ आवरण, प्रत्येक धाग्याला त्याहून पातळ. टोकाला ही सगळी आवरणं एकत्र येऊन घट्ट दोरी होते, तिला कंडरा किंवा टेंडन म्हणतात, आणि ती हाडात रुतते. रक्तवाहिन्या आणि नसा याच आवरणांमधून आत जातात. त्यामुळे नुसतं ‘मांस दुखावलं’ असं कधी होत नाही. मांस, पापुद्रा, दोरी, रक्त आणि नस यांपैकी कुणाला किती लागलं यावर पुढचं सगळं ठरतं.

आता पहिला पोरगा. मांडीमागे हॅमस्ट्रिंगचे तीन स्नायू असतात. ते बैठकीच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली जातात, म्हणजे दोन सांधे ओलांडतात. वेगात पळताना पाय पुढं फेकला जातो आणि जमिनीला टेकण्याच्या जरा आधी हे स्नायू लांब होत असतानाच पायाला ब्रेक लावतात. एकाच क्षणी लांबही व्हायचं आणि ओढूनही धरायचं, तिथं ते हरतात. कापड बहुतेक वेळा शिवणीशेजारी उसवतं, तसा स्नायूही मांस आणि टेंडन जिथं जुळतात तिथं फाटतो. हॅमस्ट्रिंगमध्ये टेंडन मांसाच्या आत बरंच खोलवर गेलेलं असल्यामुळे ही शिवण लांबलचक असते. दुखणं मांडीच्या ऐन मध्यावर वाटतं ते त्यामुळे. पळण्यात सर्वांत जास्त वेळा बाहेरच्या बाजूचा, बायसेप्स फिमोरिस नावाचा स्नायू जातो. दोन सांधे ओलांडणारे दुसरे स्नायू म्हणजे पोटरीचा वरचा आणि मांडीचा पुढचा मधला. सोसायटीच्या क्रिकेटमध्ये चाळिशीतले काका एक धाव चोरायला निघतात आणि पोटरी धरून बसतात, ती हीच दुखापत.

किती फाटलं यावरून तीन पायऱ्या करतात. थोडे धागे तुटले तर चालता येतं, फक्त वेगात ओढ लागते. बरेच तुटले तर माणूस लंगडतो, जोर लावता येत नाही. पूर्ण तुटलं तर बोटाला खड्डा लागतो आणि वर मांसाचा गोळा दिसतो. आतलं टेंडनच फाटलं असेल तर बाहेरून फारसं काही दिसत नाही, पण बरं व्हायला जास्त वेळ लागतो. शाळकरी पोरांची गोष्ट आणखी वेगळी. चौदा ते सतरा वयात बैठकीच्या हाडाची वाढ चालू असते आणि हाडाचा तो तुकडा टेंडनपेक्षा कच्चा असतो. मग स्नायू शाबूत राहतो आणि हाडाची कपचीच उखडून येते. त्या वयात ‘हॅमस्ट्रिंग गेली’ म्हणून एक्स-रे न काढता सोडून देऊ नका.

दोन-तीन दिवसांनी गुडघ्यामागे काळंनिळं उतरलं की घरचे घाबरतात. मला उलट बरं वाटतं. त्याचा अर्थ पापुद्रा फाटला, रक्त दोन स्नायूंच्या फटीतून बाहेर पडून उतारानं खाली आलं. आतला दाब सुटला. असे खेळाडू सहसा लवकर सावरतात. पापुद्रा शाबूत राहून रक्त आतच कोंडलं, तर कातडीवर काही दिसत नाही, पण मांडी टणक होते, सांधा वाकत नाही आणि दुखणं रेंगाळतं. दुसऱ्या पोराकडे वळल्यावर हे लक्षात ठेवा.

फाटलेला स्नायू भरतो कसा? पहिले दोन-तीन दिवस मेलेल्या धाग्यांची साफसफाई चालते. सूज, उष्णता, ठणका हा त्याच कामाचा भाग. प्रत्येक धाग्याच्या कडेला काही झोपलेल्या पेशी असतात, त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. दुखापतीनंतर त्या जाग्या होऊन नवे धागे तयार करतात. दुसरीकडे दोन तुटक्या टोकांच्या मध्ये व्रणाची ऊती भरू लागते, आधी कच्च्या कोलॅजेनची, मग पक्क्या. एक स्पर्धाच म्हणा ना. व्रण जाड झाला तर नवे धागे पलीकडे पोचत नाहीत, ते व्रणालाच दोन्हीकडून चिकटतात. एका लांब स्नायूचे मग दोन आखूड स्नायू होतात आणि मध्ये एक नवी शिवण.

फिनलंडमध्ये यार्विनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भरून येण्यावर पुष्कळ काम केलं आहे. त्यांच्या कामातून आम्ही घेतलेला धडा असा: पहिले तीन ते पाच दिवस व्रणाला धरू द्या, मग हळूहळू हलवा. सुरुवातीलाच ताणलं तर पुन्हा फाटतं. महिनाभर पट्टी बांधून निजवलं तर व्रण आडवातिडवा वाढतो आणि उरलेला स्नायू वाळतो. साधारण दहा दिवसांत व्रण इतपत धरतो, की ती सर्वांत कच्ची जागा राहत नाही.

मग अठराव्या दिवशी का फाटलं? दुखणं ताकदीच्या आधी जातं म्हणून. व्रण धरला होता, पण शेजारचे धागे अठरा दिवस कामाविना नरमले होते. लांब होत असताना जोर धरायची सवय तर मोडलीच होती. ती सवय चालण्यानं येत नाही, चोळण्यानं तर मुळीच नाही. दहाव्या दिवसानंतरच्या हलक्या मालिशनं या पोराचं नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. बरं वाटलं आणि त्या भरवशावर तो उतरला, एवढंच.

दुसऱ्या पोराला मुका मार होता. आपली भाषा इथं अगदी नेमकी आहे, मार बोलत नाही, कातडी फुटत नाही. समोरच्याचा गुडघा आणि स्वतःच्या मांडीचं हाड यांच्यामध्ये स्नायू खलबत्त्यात सापडावा तसा सापडतो. सर्वांत जास्त चेंदतो तो हाडाला चिकटलेला, खोलवरचा स्नायू. वरच्या थराला कमी लागतं, त्यामुळे बाहेरून पाहून अंदाज येत नाही. चेंदलेल्या मांसात बारीक रक्तवाहिन्या फुटतात, रक्त पापुद्र्याच्या आत कोंडतं. हाडावरचं आवरणही कधी खरचटतं. अंगात गरमी असताना खेळाडू खेळत राहतो, रक्त साठत राहतं, रात्री जिना उतरता येत नाही. ‘तो उरलेला सामना खेळला’ हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय, मला तिथंच धस्स झालं.

या दुखापतीचा जोर मोजायची एक सोपी रीत आहे. दुसऱ्या दिवशी पालथं झोपवून, जोर न लावता, गुडघा वाकवून पाहायचा. काटकोनाच्या पलीकडे वाकला तर मार हलका. काटकोनाच्या आत पण पंचेचाळीस अंशांच्या वर अडला तर मध्यम. पंचेचाळीसही जमत नसेल तर जबर, लगेच डॉक्टर. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत अशा दुखापती भरपूर होत, ही वर्गवारी तिथल्या डॉक्टरांची. पुढे अमेरिकेच्याच नौदल अकादमीत असं दिसलं की मार लागल्याबरोबर, शक्यतो पहिल्या काही मिनिटांत, गुडघा १२० अंशांपर्यंत, म्हणजे काटकोनाच्याही पलीकडे, वाकवून लवचीक पट्टीनं तसाच धरला आणि चोवीस तास ठेवला, तर पोरं लवकर मैदानात येतात. कारण सरळ आहे. वाकवलेल्या गुडघ्यामुळे पुढचा स्नायू ताणून बसतो, पोकळी उरत नाही, रक्ताला साठायला जागा मिळत नाही. फाटलेल्या हॅमस्ट्रिंगला पहिल्या दिवशी ताणणं चुकीचं आणि चेंदलेल्या मांडीला ताणून धरणं बरोबर. पण हे जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करायचं, पट्टी करकचून बांधायची नाही आणि ठणका वाढला तर सोडायची.

इथं चोळलं तर काय होतं? नुकत्याच मिटलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा उघडतात. गरम शेकानं रक्त आणखी धावतं. आणि चेंदलेल्या जागी दुरुस्तीला आलेल्या काही पेशींची वाट चुकते, त्या मांसाऐवजी हाड घडवू लागतात. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. ते कुणाला होतं आणि कुणाला नाही याचं गणित पूर्ण सुटलेलं नाही, पण मार जितका जबर आणि त्यावर पुन्हा पुन्हा मार, रगडणं किंवा जबरदस्तीनं वाकवणं जितकं जास्त, तितका धोका वाढतो. एक्स-रेत ते तीन-चार आठवड्यांनंतर दिसतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यातला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नये. तुमच्या पोराला पाचव्या आठवड्यात दिसलं, हे अगदी वेळापत्रकानुसार आहे.

आणखी एक सांगतो, कारण अशी धावपळ मी एका घरात पाहिली आहे. हे नवं हाड बाहेरच्या कडेनं आधी पक्कं होतं, आत कच्चं राहतं. सुरुवातीच्या आठवड्यांत तुकडा काढून तपासायला दिला तर सूक्ष्मदर्शकाखाली तो हाडाच्या कॅन्सरसारखा भासू शकतो. म्हणून डॉक्टरांना मार कधी आणि कसा लागला हे तारखेनिशी सांगा. उलटही तितकंच खरं आहे. मार लागल्याचं काही आठवत नाही आणि मांडीत टणक गाठ वाढतेय, तर मुका मार समजून घरी बसू नका.

मालिशवाल्यावर माझा राग नाही. तालमीत मेहनत झाल्यावर पैलवान एकमेकांचं अंग रगडतात, त्यानं जडपणा उतरतो, मलाही ते आवडतं. पण मेहनतीनं आंबलेलं अंग आणि चेंदलेलं अंग यांत फरक आहे. आंबलेल्या अंगाचं दुखणं चोवीस ते बहात्तर तासांत सर्वांत वाढतं आणि आपोआप जातं. ‘लॅक्टिक ॲसिड साठलं’ असं जिममध्ये सांगतात ते चूक, ते ॲसिड तास-दीड तासात ओसरलेलं असतं. दुखतात त्या धाग्यांतल्या बारीक चिरा. भरतीच्या नादात पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारल्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर मात्र ते आंबणं राहिलं नाही. मोठ्या संख्येनं धागे फुटून मायोग्लोबिन नावाचा रंगीत पदार्थ रक्तात उतरला आहे आणि तो मूत्रपिंडाला घातक. अशा वेळी वेदनाशामक गोळी खाऊन झोपू नका, दवाखाना गाठा.

तोच प्रकार मोठ्या प्रमाणात दाबाखाली होतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा ढिगाऱ्याखालून काढलेली माणसं आधी ठीक वाटायची आणि काही दिवसांत मूत्रपिंड बंद पडून जायची. एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी १९४१ मध्ये ते मांडलं. आपल्याकडे बॉम्ब पडत नसले तरी उसाची ट्रॉली उलटते. पाय तास-दोन तास दबला असेल, तर सुटका झाल्यावर चेंदलेल्या मांसातलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं आणि हृदय दगा देऊ शकतं. त्यामुळे १०८ ला आधी फोन. शक्य तिथं सलाइन सुरू करूनच दाब काढतात.

पापुद्रा ताणला जात नाही, हा त्याचा गुण आणि हाच दोष. पिंढरीत किंवा कोपराखाली हाताच्या आत सूज वाढली आणि पापुद्रा हटेना, तर आतला दाब इतका चढतो की बारीक रक्तवाहिन्या मिटतात. मनगटाची किंवा पावलाची नाडी लागत असते, तरी मांस गुदमरत असतं. नाडी आहे म्हणून धीर धरणं हीच चूक होते. खूण एकच धरा: मार दिसतो त्या मानानं दुखणं फार जास्त, गोळीनं न थांबणारं, आणि बोटं कुणी अलगद सरळ केली तरी किंचाळायला होतं. सहा तासांच्या आसपास स्नायू कायमचे मरायला लागतात. इलाज म्हणजे ऑपरेशन करून पापुद्रा लांबवर चिरून मोकळा करणं.

झाडावरून पडलेलं पोर, कोपराजवळ हाड मोडलेलं, त्यावर हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या करकचून बांधलेल्या, आणि घरचे म्हणतात रात्रभर रडलं पण सकाळी गप्प झालं. असं पोर मी पाहिलं आहे. गप्प झालं कारण नस बधिर झाली होती. पुढे त्या हाताची बोटं पंज्यासारखी वळली. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या वळणाचं वर्णन केलं, त्यांचंच नाव त्याला आहे. पट्टी कुणाचीही असो, प्लास्टर मोठ्या दवाखान्यातलं असो, बोटं निळी, बधिर किंवा असह्य ठणकणारी झाली तर ती सोडायची, सकाळची वाट पाहायची नाही.

कोयत्याची जखम वरून साफ दिसते, म्हणून लोक टाके घालून मोकळे होतात. पण मांसात टाका धरत नाही, दोरा लोण्यातून जावा तसा निघतो, म्हणून सर्जन पापुद्रा शिवतात. मनगटाजवळ किंवा बोटावर घाव असेल, तर टाके घालण्याआधी प्रत्येक बोट वेगळं वाकवून आणि सरळ करून दाखवायचा आग्रह धरा. तुटलेलं टेंडन रबरासारखं आत ओढलं जातं, वरून कातडी छान जुळते आणि बोट मात्र महिन्यानंतरही वाकत नाही. माती लागलेल्या जखमेला धनुर्वाताचं इंजेक्शन हवंच.

लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, आणि नस यांचं थोडक्यात. गुडघा मुरगळून आत पाणी भरलं, तर स्नायूला काहीही न लागता मांडी वाळते. सांध्यात वीस-तीस मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे पाणी साठलं तरी मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूचं आवळणं मंदावतं. अशा पोराला ‘मन लावून व्यायाम कर’ म्हणणं व्यर्थ आहे, आधी सूज उतरवा. नस दबली तर स्नायू आज्ञेविना पडून राहतो. तासन्‌तास उकिडवं बसून खुरपणी करणाऱ्या बायकांचं पाऊल कधी कधी लोंबतं, ते गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नस दबल्यामुळे. नुसती दबलेली नस बहुधा आठवडे-महिन्यांत जागी होते. तुटलेली असेल तर जुळवल्यावर दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते, आणि दीडएक वर्षात पोचली नाही तर स्नायू तोवर संपलेला असतो. (उसण भरली की पायाळू माणसाची लाथ मागणारे अजून येतात. बहुतेक उसण चार दिवसांत आपोआप उतरते, लाथेचं नाव होतं.)

बर्फाचं विचारलंय. दुखणं कमी करायला पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं, फडक्यात गुंडाळून, दोन-तीन वेळा ठीक. त्यानं जखम लवकर भरते असं नाही. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच हे सूत्र १९७८ मध्ये मांडणारे डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे बर्फाबद्दलचं मत बदललं. हळद-आंबेहळदीचा लेप लावा, फक्त चोळू नका.

आता तुमच्या दोघांचं. दुसऱ्या पोराची मालिश आज बंद. कुणी जबरदस्तीनं गुडघा वाकवायचा नाही. स्वतः, दुखेल तिथं थांबत, दिवसातून चार-पाच वेळा वाकवायचा, आणि वाकणं काटकोनाच्या पुढं गेलं की सायकल. ते हाड पुष्कळदा आटतं किंवा तसंच राहूनही त्रास देत नाही. काढायचंच ठरलं तर पक्कं झाल्यावर, सहा महिने ते वर्षभरानं, कारण कच्चं काढलं तर परत येतं. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा एक्स-रे. या हंगामात त्याला गुणलेखनाला बसवा.

पहिल्याची सोनोग्राफी करा, आतलं टेंडन गेलंय का पाहा. गेलं नसेल तर पाचव्या-सहाव्या दिवसापासून चालणं, मग पाठीवर झोपून टाच टेकवून कंबर उचलणं, मग हळू धावणं. दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी होईपर्यंत आणि पूर्ण वेगात पळून अचानक वळताना मनात धाकधूक राहीनाशी होईपर्यंत चढाई नाही. मैदानात परतल्यावर अख्ख्या संघाला एक व्यायाम लावा, नॉर्डिक म्हणतात त्याला. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं मागून घोटे घट्ट धरायचे आणि अंग सरळ ठेवून जितकं हळू जमेल तितकं हळू पुढं झुकायचं, शेवटी हातांवर पडायचं. स्नायू लांब होत असतानाच ओढून धरतो, म्हणजे जिथं तो फाटतो नेमकी तीच तालीम. फुटबॉलसारख्या खेळांत याच्या नियमित सरावानं हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या आहेत. पहिल्या आठवड्यात एक दिवस, पाच-पाचचे दोन फेर, त्याहून जास्त नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुणी सरावाला येणार नाही. आणि तुमचं मैदान मातीचं असेल, तर गुडघ्यांखाली पोत्याची घडी घाला.